बैकालचा सील गोड्या पाण्यात जगतो, मग कोळंबीच्या पिल्लांना खारं पाणी का लागतं?

प्रश्न
बैकाल सील (नेर्पा) जन्मभर सैबेरियातल्या बैकाल या गोड्या पाण्याच्या सरोवरात राहतो. उलट ‘गोड्या पाण्यातली’ म्हणून पाळली जाणारी मोठी कोळंबी, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, हिची पिल्लं गोड्या पाण्यात काही दिवसांतच मरतात. असं का? आणि पिल्लं वाढवायची तर खारेपणा किती ठेवावा?

उत्तर १
सीलला कल्ले नाहीत, तो हवेत श्वास घेतो. कातडीतून क्षार फारसे झिरपत नाहीत, माशांतून मिळतात ते पुरतात आणि जास्तीचं पाणी मूत्रपिंडं बाहेर टाकतात. पिल्लू पोटात वाढतं, बर्फातल्या बिळात जन्मतं तेव्हा चारेक किलोचं असतं आणि पुढे दुधावर पोसतं. आजूबाजूचं पाणी खारं की गोडं, याचा त्याच्या वाढीशी संबंधच येत नाही.

कोळंबीचं रक्त गोड्या पाण्यापेक्षा बरंच खारट, त्यामुळे क्षार सतत बाहेर जातात. मोठी कोळंबी ते कल्ल्यांनी परत ओढून घेते. जेमतेम २ मिमीच्या पिल्लाला हे जमत नाही. म्हणूनच अंडीवाली मादी नदीच्या मुखाकडे उतरते, आणि वाटेत बंधारा आला की सगळं अडतं. पिल्लांची ही खाऱ्या पाण्याची गरज १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात मत्स्यतज्ज्ञ शाओ-वेन लिंग यांनी शोधली. कोळंबीची बीजनिर्मिती (पाळण्यासाठी पिल्लं तयार करणं) तिथून सुरू झाली.

उत्तर २
खारेपणा १२ पीपीटी (हजार भाग पाण्यात १२ भाग क्षार), तापमान २८ ते ३१ अंश. १०० लिटरसाठी ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी साधारण ३४ लिटर, बाकी क्लोरीन काढलेलं गोडं पाणी. जेवणातलं मीठ विरघळवून भागत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं.

नारिंगी अंडी करडी झाली की दोन-तीन दिवसांत फुटतात. दुसऱ्या दिवसापासून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव) ताजी पिल्लं द्या, दहाव्या दिवसानंतर जोडीला अंड्याचं कस्टर्ड. कस्टर्ड उरलं की अमोनिया वाढतो आणि एका रात्रीत टाकीतली सगळी पिल्लं मरतात, म्हणून तळ रोज उपसा. पिल्लं उलटी, शेपटीच्या दिशेने पोहतात. महिन्याभराने सरळ होऊन तळाशी चालू लागली की गोडं पाणी हळूहळू वाढवा. एकदम बदललंत तर मरतील.

उत्तर ३
हा नियम सगळ्या कोळंब्यांना लावू नका. मत्स्यालयात ठेवतात ती छोटी चेरी कोळंबी थोडीच, पण मोठी अंडी घालते आणि पिल्लं गोड्या पाण्यातच वाढतात. बैकालमध्ये सील जे बारीक ‘झिंगे’ खातो ते मॅक्रोहेक्टोपस, अँफिपॉड या बारीक कवचधारी जीवांच्या गटातले. खरी कोळंबी नव्हे. २०२०च्या अभ्यासात सील एका बुडीत असे सरासरी ५७ पकडतो असं दिसलं. त्याच्या कंगव्यासारख्या दातांतून पाणी गळून जातं आणि अँफिपॉड तोंडात राहतात.