पाणी 'खासगी' झालं म्हणायचं की 'चालवायला दिलं' म्हणायचं?

टिळकवाडीकर :
बेळगावात आमच्या गल्लीत चोवीस तास पाण्याच्या पाईपा घालायचं काम चाललंय आणि जो तो म्हणतोय पाणी खासगी झालं. माझं म्हणणं, शहराला पाणी देणारं राकसकोप धरण विकलेलं नाही, हिडकल धरणाचं पाणी विकलेलं नाही, टाक्या पाईपा कुणाच्या नावावर केलेल्या नाहीत, कंपनीला ठराविक वर्षं सांभाळायला दिलंय एवढंच. मग 'खासगीकरण' हा शब्द बसतो का? आणि लिहायचं कसं, खासगी की खाजगी?

शहापूरची ताई :
दादा, आधी लिहिण्याचं. मूळ 'खास', म्हणून खासगी. बोलताना स चा ज झाला, खाजगी पण रूढ आहे, दोन्ही चालतात. इकडं दुकानाच्या पाटीवर कन्नडमध्ये लिहितात ते पण 'खासगी'च, सेम शब्द. जुन्या संस्थानांत 'खासगी' म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा खर्च नि उत्पन्न, होळकरांकडं 'दौलत' वेगळी आणि 'खासगी' वेगळी, हिशोब पण वेगळे. म्हणजे शब्दातच मालकी आहे, कुणाच्या घरचं ते. म्हणून पाण्याला खासगी म्हटलं की माणसाला 'विकलं' असंच ऐकू येतं, त्यात लोकांची चूक नाही.

तुमच्या प्रकाराला आपला सरळ शब्द आहे, मक्ता. मक्तेदार वस्तूचा मालक नसतो, ठराविक काळ ठराविक अटीवर चालवतो. ठेका पण चालेल, आपल्या भागात गुत्ता म्हणतात, कन्नडमध्ये गुत्तिगे. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यात काही वॉर्डांत २००८ च्या सुमारास पहिल्यांदा चोवीस तास पाणी आलं तेव्हा पण असंच होतं, जागतिक बँकेचं कर्ज, चालवायला फ्रेंच कंपनी, मालकी महापालिकेची. विजेत भिवंडीचं बघा, २००७ पासून लाईन महावितरणची पण बिल वसुली आणि दुरुस्ती खासगी कंपनीकडं, त्याला तिकडं फ्रँचायझी म्हणतात.

खानापूरकर :
ताई शब्द बरोबर आहे पण मालकी सरकारची म्हणून गप्प बसायचं का? मीटर कंपनीचा माणूस लावणार, तक्रार त्यांच्याच ऑफिसात द्यायची, मग नगरसेवकाकडं गेलं की तो म्हणतो ते कंपनीचं काम आहे. मक्ता म्हटलं की हे सगळं लपून जातं असं मला वाटतंय.

आणि उलट्या बाजूनं पण घोटाळा होतोच. हेस्कॉमला, म्हणजे आपल्याकडं वीज देणाऱ्या कंपनीला, लोक खासगी समजतात कारण नावात कंपनी. अहो ती पूर्ण कर्नाटक सरकारची आहे, केईबीची म्हणजे जुन्या कर्नाटक वीज मंडळाची १९९९ ला केपीटीसीएल ही सरकारी कंपनी झाली आणि २००२ ला त्यातनं चार कंपन्या काढल्या त्यातली एक. आमच्या घरात अजून 'केईबीवाले आले' असंच म्हणतात. तिचं कन्नड नाव वाचा, शेवटी 'कंपनी नियमित' येतं, ते नियमित म्हणजे आपलं मर्यादित, नियमित लाईट देणारी असा अर्थ नाही.

हुक्केरीकर :
तिसरा शब्द कुणी घेतलाच नाही, सहकारी. आमच्या तालुक्यात वीज सहकारी संस्था वाटते, १९६९ ची. ती सरकारी पण नाही आणि खासगी पण नाही, सभासदांची आहे, संचालक निवडून येतात, निवडणूक आली की गावागावात पॅनल पडतात. दर मात्र संस्था मनानं ठरवू शकत नाही, ते वीज नियामक आयोग ठरवतो. सरकारी आणि खासगी ह्या दोनच खोक्यात सगळं कोंबलं की आमची संस्था कुठं घालायची?

शहापूरची ताई :
खानापूरकर, तुमचा मुद्दा मान्य, मक्ता म्हणून जबाबदारी सुटत नाही. म्हणून मी तर दोन गोष्टी वेगळ्या लिहीन, मालकी कुणाची आणि कारभार कुणाचा. पाण्याला 'सरकारी मालकी, खासगी कारभार', हेस्कॉमला दोन्ही सरकारी, हुक्केरीला सहकारी. लांब होतंय पण वाचणाऱ्याला कळतं तक्रार कुणाच्या दारात न्यायची. 'सार्वजनिक' शब्द मात्र मालकीसाठी वापरू नका. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची, ती काय सरकारची नव्हती, सार्वजनिक म्हणजे सगळ्या लोकांचं, गल्लीतला नळ सार्वजनिकच, मग तो चालवणारा कुणीही असू दे.

टिळकवाडीकर :
हे पटलं. वॉर्डाच्या अर्जात 'खासगीकरण रद्द करा' असं लिहिलं होतं, आता 'कारभार कंपनीकडं असला तरी तक्रार महापालिकेनं घ्यावी' असं बदलतो. अर्ज कन्नडमध्ये पण द्यावा लागणार, 'कारभार'ला तिकडं काय वापरतात ते कुणी सांगा.