डोस वाढवूनही आईची शुगर कधी 300, कधी 62. काय चुकत असेल?

निशिगंध
नमस्कार. आई 67 वर्षांची आहे. सहा वर्षांपासून मिक्स इन्सुलिन (30/70) घेते, बाटलीतून सिरिंजने. स्वतःच टोचून घेते, हाताला सवय झाली आहे. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, खाण्यात काही बदल नाही. तरी तीन महिन्यांपासून शुगरचा नेमच राहिलेला नाही. उपाशीपोटी कधी 280, कधी 300, आणि परवा रात्री जेवणाआधी एकदम 62. हात थरथरत होते, बोलणं तुटक झालं होतं. डोस दोनदा वाढला, आता सकाळी 22 आणि रात्री 16 युनिट. पुढच्या आठवड्यात परत वाढवू असं डॉक्टर म्हणालेत, पण ते 62 च्या आधी. बाटली फ्रिजच्या दारात असते. इन्सुलिनच खराब होत असेल का? मला रात्री झोप लागत नाही.

जुना पेशंट
निशिगंधताई, आधी एक काम करा. ते 62 डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, पुढच्या भेटीची वाट बघू नका. ज्या माणसाला डोस वाढवायचा आहे त्याला हा आकडा माहीत असलाच पाहिजे.

बाटलीचं म्हणाल तर 22 आणि 16 मिळून रोज 38 युनिट जातात. 10 मिलीच्या साध्या बाटलीत 400 युनिट असतात, म्हणजे ती दहा दिवसांतच संपते. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते, त्यामुळे शिळी होण्याचा प्रश्न दिसत नाही. फक्त ती कधी गोठली नव्हती ना, एवढं बघा. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.

माझा संशय वेगळा आहे. आईंच्या पोटावर हात फिरवून बघा. नुसतं बघून कळणार नाही. त्यांना आडवं झोपवा, बोटांची टोकं हलकेच दाबत बेंबीच्या दोन्ही बाजूंनी फिरवा. कुठे रबरासारखं, जाडसर लागतंय का? मी 19 वर्षं इन्सुलिनवर आहे आणि माझ्या डाव्या बाजूला अशी लिंबाएवढी गाठ झाली होती. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की त्वचेखालची चरबी अशी फुगते. तिथे सुई दुखत नाही, म्हणून माणूस नकळत तिथेच टोचतो. मीही तेच केलं, वर्षानुवर्षं. पण त्या गाठीतून इन्सुलिन रक्तात किती जाईल याचा भरवसा नसतो. एक दिवस ते अडकून बसतं, दुसऱ्या दिवशी भराभर उतरतं. आकडे वर-खाली होतात आणि आपण डोस वाढवत राहतो.

गाठ सापडली तर मात्र जपून. मी उत्साहात जुन्याच डोसने चांगल्या जागी टोचलं. पहाटे तीनला घामाने उशी भिजली होती, शुगर 48. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायलो, 15 मिनिटांनी परत तपासली तेव्हा 74, मग थोडं खाल्लं आणि बसून राहिलो. पुढे डॉक्टरांनी माझा डोस 34 वरून 28 वर आणला. म्हणून जागा बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोला आणि पहिले काही दिवस रात्रीसुद्धा तपासा.

वॉर्डातली सिस्टर
काकांचं बरोबर आहे. मी आणखी एक बघायला सांगेन, सिरिंजचं टोपण. बाटलीवर 40 युनिट प्रति मिली लिहिलं असेल तर लाल टोपणाची 40 ची सिरिंज, 100 लिहिलं असेल तर केशरी टोपणाची. 40 च्या बाटलीतून 100 च्या सिरिंजने 22 च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जेमतेम 9 युनिट जातात. उलट झालं तर 22 ऐवजी 55. दुकानातून चुकीचं पाकीट आलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

मिक्स इन्सुलिन ढवळण्याकडेही लक्ष द्या. तळाशी पांढरा थर बसलेला असतो. दहा वेळा तळहातांत फिरवा, दहा वेळा हळूच उलटसुलट करा, सगळीकडे सारखं दुधाळ दिसलं पाहिजे. जोरात हलवू नका. न मिसळता भरलं तर एक दिवस पाण्यासारखा भाग जास्त येतो, एक दिवस पांढरा. त्यानेही असंच वर-खाली होतं. गुठळ्या दिसल्या तर बाटली टाकून द्या.

आणि ताई, आई कधी शुद्ध हरपून पडल्या तर तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून श्वास अडकतो. कुशीवर वळवा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. गिळता येत असेल तरच साखरेचं पाणी.

निशिगंध
काका, सिस्टर, हात जोडून आभार. सिरिंज लाल टोपणाचीच आहे. पण गाठ आहे, उजव्या बाजूला बेंबीपासून दोन बोटांवर. आई म्हणाली, "तिथे कळतच नाही, म्हणून तिथेच घेते." ढवळणंही ती दोन-तीनदा करून सोडत होती.

डॉक्टरांना फोन केला. डोस वाढवला नाही, उलट 18 आणि 13 वर आणला. सकाळी पोटाच्या डाव्या बाजूला, संध्याकाळी मांडीवर, प्रत्येक वेळी आधीच्या जागेपासून बोटभर सरकून. गाठीला हात लावायचा नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज जागा आणि आकडा लिहिते. काल पहाटे तीनला 118, सकाळी 141. मांडीवर टोचताना आई "आई गं" म्हणाली, दुखलं तिला.

जुना पेशंट
दुखलं म्हणजे जागा चांगली आहे. दर वेळी नवी सुई वापरा, बोथट सुई जास्त दुखते. आठ दिवसांनी आकडे इथे टाका, मी बघेन.