जॅकलची बंदूक आणि उद्यमनगरचा टर्नर

शेवट आधीच माहीत असताना थरार कसला, फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल मरत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. फोर्साइथच्या 'द डे ऑफ द जॅकल' या कादंबरीत (१९७१) जॅकल नावाचा भाडोत्री मारेकरी त्याला मारायला निघतो, पण मजा 'मरेल का' यात नाहीच, 'हा गडी जमवतो कसं' यात आहे. खोटा पासपोर्ट, कुबडी, बंदूक, सगळं एकेक करून.

माझे वडील उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर होते. इंग्रजी वाचत नाहीत, म्हणून बंदूक बनवणाऱ्या कारागिराचा भाग मी त्यांना मराठीत सांगत गेलो. चहा निवला तरी हलले नाहीत. नंतर त्यावरचा, झिनेमान या दिग्दर्शकाचा १९७३चा सिनेमा लावला. जॅकल नळ्या एकमेकांत फिरवून बसवतो आणि टांगलेल्या कलिंगडावर नेम धरतो, तिथं म्हणाले, "आटे झ्याक पाडल्यात, पण पाडताना दाखवायला पायजे हुतं." कादंबरीत हा कारागीर ब्रसेल्सचा, सिनेमात तो इटलीत नेलाय. तेवढं चालतंय. जॅकलचं काम करणारा एडवर्ड फॉक्स तेव्हा फारसा ओळखीचा नव्हता, हेही पथ्यावर पडलं. गर्दीत मिसळणारा माणूस खरा वाटतो.

१९९७च्या 'द जॅकल'ची तुलनाच नको. त्यात ब्रूस विलिस दुरून चालवायची भलीमोठी मशीनगन आणतो. वडील अर्ध्यातून उठले, "ह्यात कारागिरी कुठाय?" म्हणत. झिनेमानचाही आपल्या सिनेमाचं नाव त्याला द्यायला विरोध होता, म्हणून नुसतं 'द जॅकल' झालं.