‘हरित दफन’ म्हणावं की नुसतं ‘माती देणं’?

घाटमाथा:
‘ग्रीन बरियल’साठी, म्हणजे रसायनं, पक्की पेटी, काँक्रीट टाळून देह पुरण्यासाठी, ‘हरित दफन’ हा शब्द हल्ली लेखांतून दिसायला लागलाय. त्याच ओघात ‘जलदहन’ (देह क्षाराच्या गरम पाण्यात विरघळवणं) आणि ‘मानवी कंपोस्टिंग’ (देहाचं खत करणं) हेही. भाषांतर करताना तिन्ही ठिकाणी अडायला होतं. ‘हरित’ म्हटलं की हरितक्रांती नाहीतर हरित लवाद आठवतो, आणि ‘दफन’ म्हटलं की वाचक गृहीत धरतो, मयत हिंदू नसणार. यापेक्षा बरं काही आहे का?

मोडीवाचक:
दफन, कफन, कबर, जनाजा, मयत हे सगळे अरबी, एकाच वाटेनं आलेले. पण ‘मयत’ इतकं मुरलं की हिंदू घरातही ‘मयताला जाऊन आलो’ असंच म्हणतात, आणि ‘मयताचे सामान मिळेल’ ही पाटी गावोगाव दिसते. ‘दफन’ मात्र थोडं बाहेरचं राहिलं, कारण त्याचं काम करणारी आपली क्रियापदं आधीपासून होती. ‘पुरणं’ जनावरालाही चालतं, म्हणून माणसासाठी ‘माती देणं’, ‘मूठमाती देणं’, ‘समाधी देणं’.

‘समाधी’चं क्रियापद बदललं की अर्थच बदलतो. समाधी लागते ती ध्यानात. समाधी घेतो तो जिवंतपणी, जशी ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीत घेतली. मृताला समाधी देतात, ती लिंगायत, नाथपंथी, गोसावी यांच्यात. आणि समाधी बांधतात ती वर, दगडाची. वारलेल्या महाराजांविषयी ‘समाधी घेतली’ असं सर्रास छापतात, तिथे ‘समाधी देण्यात आली’ हवं.

शिवार:
शब्द ठरवण्याआधी वस्तू नीट पाहू. ही कल्पना आधुनिक रूपात रुजली ती इंग्लंडमध्ये. कार्लाइलच्या दफनभूमीत १९९३ साली झाडांखाली पुरण्याची जागा सुरू झाली. या पद्धतीच्या अटी थोड्याच: अंगात फॉर्मॅलिन (देह टिकवायचं रसायन) भरायचं नाही, धातूची किंवा पॉलिश केलेली पेटी नाही, खड्ड्याला काँक्रीटचं अस्तर नाही, वर संगमरवर नाही. सुती कापड किंवा साध्या लाकडाची पेटी. आता लिंगायतांची समाधी आणि मुसलमानांची कच्ची कबर या अटींवर घासून पाहा. दोन्हीकडे पेटीच नाही. कबरीत पुरुषाला तीन आणि स्त्रीला पाच वस्त्रांचं कफन, बास. म्हणजे जे पूर्वापार चालत आलंय त्यालाच ‘हरित’ हे विशेषण लावून आपण ते नव्याने आयात करतोय.

बिघडतं ते तपशिलात. खड्डा सहा फूट खोल घेतला की तिथे हवा आणि जिवाणू दोन्ही कमी, त्यामुळे कुजणं रेंगाळतं. साडेतीन फूट खोली आणि देहावर किमान दीड फूट माती, म्हणजे वासही येत नाही आणि कुत्री उकरत नाहीत. माती पुढे खचते, म्हणून वर फूटभर उंचवटा ठेवायचा. काळ्या चिकण मातीत पाणी साचलं तर हवा पोचत नाही आणि चरबीचं साबणासारखं घट्ट द्रव्य होऊन देह वर्षानुवर्षं तसाच राहतो. निचऱ्याची, मुरमाड जमीन बरी. नायलॉनची साडी, जरीची शाल, खाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद यातलं काहीच कुजत नाही. काही ठिकाणी खड्ड्यात पोतंभर मीठ ओततात. लवकर माती व्हावी हा हेतू, पण मीठ पाणी शोषून जिवाणूंनाच अडवतं आणि त्या जागी पुढे झाडही धड लागत नाही.

माझं मत: ‘निसर्गदफन’ चालेल. ‘हरित’ ही सरकारी पाटी वाटते.

घाटमाथा:
‘शवपेटी’बद्दलही घोळ आहे. ख्रिस्ती समाजात ती पुरायची लाकडी पेटी. गावाकडे मंडळाने ‘मोफत शवपेटी’चा फलक लावला असेल तर ती विजेवर चालणारी थंड पेटी असते, परगावचे नातेवाईक येईपर्यंत देह ठेवायची. तिला ‘शीतशवपेटी’ असं पूर्ण लिहावं.

आणि ‘जलदहन’चं काय?

मोडीवाचक:
‘जलदहन’ सपशेल चूक. दहन म्हणजे जाळणं, त्यात ‘दह्’ धातू आहे. ‘विद्युतदाहिनी’ त्याच धातूतून नेमका घडला, कारण तिथे खरंच जळतं. ‘जलसमाधी’ही नको, तिचा अर्थ पाण्यात देह ठेवणं असा ठरलेला आहे.

नदीकाठ:
प्रक्रिया अशी: बंद टाकीत साधारण ९५ टक्के पाणी आणि ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र क्षार. दाबाखाली १५० अंशांपर्यंत तापवलं तर चार ते सहा तास लागतात. दाब न देता ९५ अंशांच्या आसपास ठेवलं तर चौदा ते वीस. मांस विरघळतं, हाडं राहतात. ती वाळवून पूड करतात. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटू डिसेंबर २०२१ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार हेच केलं. मी ‘क्षारविलय’ सुचवेन. ‘अनंतात विलीन’ आपल्या कानाला आहेच.

शिवार:
‘विलय’ म्हटलं की मला दोन बँका एक झाल्यासारखं वाटतं. पण ‘जलदहन’पेक्षा शंभर पट बरं.

नदीकाठ:
दहनाच्या शब्दांतही सरमिसळ झालीय. ‘मंत्राग्नी’ म्हणजे विधीपूर्वक दिलेला अग्नी आणि ‘भडाग्नी’ म्हणजे मंत्राशिवाय दिलेला. आता ‘थोरल्या मुलाने भडाग्नी दिला’ हे बातमीत सरसकट येतं, मागे गुरुजी मंत्र म्हणत असले तरी. ‘मुखाग्नी’ हिंदीतून आला. गावाकडचं ‘डाग देणं’ अजून शाबूत आहे.

सरणाला लाकूड ३०० ते ४०० किलो लागतं. ओलं असेल तर धूर फार आणि देह अर्धवट जळतो. कोल्हापुरात शेणींवर दहन करतात, आणि होळी लहान करून शेणी स्मशानाला दान द्या असं आवाहन दरवर्षी होतं. तीच वस्तू इतरत्र ‘गोवरी’. विद्युतदाहिनीत दीड-दोन तासांत काम होतं, पण आधी पेसमेकर काढलाच पाहिजे, त्यातली बॅटरी उष्णतेने फुटते आणि भट्टीचं अस्तर उडतं. नारळ, प्लास्टिकचे हार, थर्माकोल हेही बाहेर ठेवायचं.

‘सावडणं’ या शब्दाचं इथे गंमतशीर होतं. सावडणं म्हणजे विखुरलेलं वेचून एकत्र करणं. सरण विझल्यावर तिसऱ्या दिवशी करायचं ते. दाहिनीतून हाडं त्याच दिवशी ट्रेमध्ये गोळा होऊन हातात येतात, वेचायला काही उरत नाही, तरी शब्द टिकलाय. कोल्हापूर-साताऱ्याकडे निधनवार्तेत ‘रक्षाविसर्जन सकाळी ९ वाजता’ असं येतं, ते याच विधीचं.

घाटमाथा:
रक्षा नदीत न सोडता शेतात झाडाखाली घालतात, त्याला ‘विसर्जन’ म्हणावं का?

शिवार:
‘रक्षा मातीत मिसळली’ असं सरळ लिहा. आणि खरंच मिसळा. दोन-तीन किलो रक्षा असते, बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट, अतिशय अल्कधर्मी आणि खारट. रोपाच्या मुळाशी ढीग ओतला तर रोप जळतं. दहापट माती आणि शेणखतात कालवून आळ्याच्या कडेला पसरायची.

मोडीवाचक:
राहिलं कंपोस्टिंग. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये त्याला परवानगी देणारा कायदा केला, तो मे २०२० पासून लागू झाला. देह भुसा, पेंढा आणि लसूणघासात ठेवतात. ढीग ५५ अंशांवर सलग तीन दिवस तापला पाहिजे म्हणजे रोगजंतू मरतात. शेवटी पाऊण घनमीटर माती मिळते. ‘देहखत’ शब्दात चूक नाही, पण वारसांच्या तोंडी बसणार नाही. ‘माती करणं’ हे अगदी नेमकं झालं असतं, पण ‘आयुष्याची माती केली’ म्हणजे वाटोळं.

नदीकाठ:
ग्रामीण बोलीत ‘बापाची माती केली’ म्हणजे अंत्यविधी पार पाडला. अनादर अजिबात नाही. ‘मातीला जाणं’ही तसंच.

मोडीवाचक:
खरंय. पण तीच अडचण. ‘उद्या दहाला माती आहे’ असा निरोप आला तर बहुतेक वेळा तिथे सरणच रचलेलं असतं. म्हणजे निसर्गदफनाला नुसतं ‘माती’ म्हटलं तर ऐकणारा समजणार अग्नी.

शिवार:
मग मथळ्यात ‘निसर्गदफन’ ठेवा, आणि निरोपात ‘माती सकाळी दहाला, दहन नाही, शेतात पुरणार आहेत’. कुणी गोवऱ्या घेऊन येणार नाही.