मज्जारज्जूची इजा: स्टेम सेलसाठी बाग गहाण टाकावी का?

प्रश्न (तासगाव): आमचे थोरले बंधू गेल्या वर्षी नारळाच्या झाडावरून पडले, कमरेखाली संवेदना नाही. स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराने ते चालू लागतील असे एकाने सांगितले आहे. त्यासाठी द्राक्षबाग गहाण टाकावी का?

उत्तर (मिरज): कृपया टाकू नका, कारण त्याचा लाभ अजून सिद्ध झालेला नाही. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत त्वचेवरून मज्जारज्जूला विद्युत उद्दीपन देणाऱ्या उपकरणाला मान्यता मिळाली, परंतु ती मानेतील मज्जारज्जूच्या अपूर्ण (थोडी संवेदना वा हालचाल शिल्लक असलेल्या) इजेत हातांची ताकद व संवेदना सुधारण्यापुरती आहे.

उत्तर (कराड): माझ्या वडिलांच्या माकडहाडावर सतत दाब पडून रुपयाएवढा लाल डाग उठला, त्याची जखम भरायला चार महिने गेले. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदला. डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक वेळी नळीने लघवी काढायला शिका, मूत्रपिंडे त्यावरच टिकतात.

प्रश्नकर्ता: बाग राहू देतो. असा डाग वेळीच दिसावा, त्यांची पाठ रोज त्यांनाच पाहता यावी म्हणून हातआरसा आजच आणतो.