फिल्टर धुतल्यापासून मासे वर येऊन तोंड उघडतायत, लवकर सांगा

दुधना_काठ, परभणी (मंगळवार, सकाळी ६:४०)
मदत हवी आहे. रविवारी फिल्टर, हिटर, पाइप सगळं काढून चकचकीत धुतलं. आज पहाटे बघतो तर तिन्ही गोल्डफिश पाण्याच्या वर येऊन सारखं तोंड उघडमीट करतायत. केशरी-काळा तर एका कोपऱ्यात तिरका होऊन लटकलाय. मासे लेकीचे आहेत, ती आजोळी गेलीय, शुक्रवारी येणार. दुकान ११ शिवाय उघडत नाही. पाण्यात काय टाकू तेवढं सांगा.

जिंतूर_रोड
टाकी केवढी? पाणी नळाचं का बोअरचं? किती बदललं? फिल्टर कशाने धुतला? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ?

दुधना_काठ
दोन फुटी टाकी. पाणी नळाचं. बाकी नेहमीसारखंच. औषध सांगा ना.

वसमतची_हळद
दादा, चिमूटभर हळद पाण्यात कालवून टाका. शेवटी हळद जंतुनाशक आहे. आमच्या हौदातले मासे गेली चार वर्षं असेच टिकलेत.

जिंतूर_रोड
ताई, हौदातले मासे वेगळे आणि छप्पन्न-साठ लिटरच्या काचेतले तीन गोल्डफिश वेगळे. त्यांना श्वास घेता येत नाहीये, जखम झालेली नाही. कृपा करून हळद टाकू नका.

मोंढा_लातूर
नळाच्या पाण्यातच घोळ आहे. सरळ बोअरचं पाणी भरा, त्यात क्लोरीन नाही का काही नाही. माझी टाकी कायम बोअरवर. पाण्याची किंमत आम्हा लातूरकरांना विचारा, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं तेव्हासुद्धा मी मासे जगवले, कपडे धुवायला पाणी नव्हतं तरी.

जिंतूर_रोड
तुमचे जगले, कारण त्यांना त्या पाण्याची सवय होती. आमच्याकडच्या बोअरला क्षार इतके की बादलीला पांढरी कड धरते, पीएच आठच्या वर. टाकीत अमोनिया साचला असेल तर हे पाणी ओतणं म्हणजे आगीत तेल. पीएच सातवरून आठवर गेला की त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो.

मोंढा_लातूर
अमोनिया आहे हे कुणी ठरवलं? त्यांनी अजून सांगितलंच नाही किती पाणी बदललं ते.

आरोग्यसेवक_हिंगोली
गोल्डफिशपेक्षा गप्पी पाळा. हौदात सोडले की डासांच्या अळ्या खातात, डेंग्यूच्या दिवसांत फार कामाला येतात. आम्ही दरवर्षी विहिरी-हौदांत सोडतो.

दुधना_काठ
गप्पीचं नंतर बघू. पाणी सगळंच बदललं, कारण गढूळ होतं. त्या दिवशी नळ आला होता तेच ताजं पाणी. स्पंज आणि पाइप भांड्याच्या साबणाने घासले, पण खूप वेळा खळखळून धुतले, फेस अजिबात नव्हता. रविवारी, सोमवारी मासे मस्त खेळत होते. स्पंजमधून चहासारखं पाणी निघत होतं, ते पांढरं होईपर्यंत पिळला.

जायकवाडी_फुगवटा
हे आधी सांगायला हवं होतं. साबणाने किंवा क्लोरीनने घात केला असता तर रविवारी संध्याकाळीच कळलं असतं. दोन दिवस नीट राहून तिसऱ्या दिवशी मासे वर आले, म्हणजे मला अमोनियाच वाटतो. जे चहासारखं पाणी तुम्ही पिळून गटारीत सोडलं ना, तोच तुमचा फिल्टर होता. त्या तपकिरी चिकट थरात जिवाणू राहतात. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट मासे बरंच सोसतात, आधीचे दोन सोसत नाहीत. साबणाने आणि ब्लीचिंगच्या पाण्याने ती वस्ती उठली. नवी बसायला चार ते सहा आठवडे जातात. मी पैठणला असताना असेच सात एंजल मासे घालवलेत, अजून ते डोळ्यांपुढून जात नाहीत.

आत्ता खाणं बंद करा, दोन-तीन दिवस उपाशी राहून गोल्डफिशला काही होत नाही. एअर पंप पूर्ण सोडा. गरम पाण्यात हवा कमी विरघळते, त्यात मे महिना. एक तृतीयांश पाणी काढून अँटीक्लोरीन टाकलेलं पाणी भरा, बाटलीवरच्या मापानेच. गच्चीवरच्या टाकीचं पाणी या दिवसांत चटका देतं, ते बादलीत निवू द्या, मग ओता. असं रोज. आणि कुणाची जुनी चालू टाकी असेल तर तिचा वापरातला स्पंज मिळवा.

वसमतची_हळद
मग खडे मीठ तरी?

जायकवाडी_फुगवटा
ताई, मीठ नायट्राइटवर चालतं. त्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अडतं. अमोनियावर उपयोग नाही. पुढच्या आठवड्यात कदाचित लागेल, तेव्हा तुमचं म्हणणं बरोबर ठरेल.

सेलू_इलेक्ट्रिकल
एअर स्टोनमधून बुडबुडे कमी झाले असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, मग साध्या पाण्यात दिवसभर. हिटरवरचा क्षारही व्हिनेगरनेच निघतो, तारेच्या घासणीने नको. आणि हिटर बाहेर काढायच्या आधी बटण बंद करून पंधरा-वीस मिनिटं पाण्यातच राहू द्या. माझ्या हिटरची काच टाळकन तडकली होती.

जिंतूर_रोड
दुधना_काठ, मी परभणीतच आहे. माझ्या चार फुटी टाकीत दोन स्पंज आहेत, एक घेऊन जा. झाकणाचा डबा आणा, स्पंज माझ्याच टाकीच्या पाण्यात बुडवून देतो. वाटेत सुकू द्यायचा नाही, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. तुम्हाला खाजगी निरोप टाकलाय.

दुधना_काठ (गुरुवार, रात्री ९:१५)
दुकानात पाणी तपासलं. थेंब टाकल्यावर नळी हिरवीगार झाली, अमोनियाच निघाला. जिंतूर_रोड दादांकडून स्पंज आणला, काळपट, मातीसारख्या वासाचा. तसाच फिल्टरमध्ये बसवला. केशरी-काळा काल रात्री गेला. बाकीचे दोघे आज दुपारपासून खाली उतरलेत, तळाचे खडे चोखतायत. लेकीला फोनवर सांगून टाकलं. आता हा स्पंज कधी धुवायचा?

जिंतूर_रोड
पाण्याचा झोत कमी झाला तरच. पाणी बदलताना काढलेल्या टाकीतल्याच पाण्यात दोनदा पिळायचा आणि परत बसवायचा, चहासारखं पाणी निघालं तरी तिथंच थांबायचं. त्या दिवशी खडे, पाइप, दुसरं काही धुवायचं नाही.