वाळवंटातला पाणवठा आणि वटवाघळं: जाळं नेमकं कुठे लावावं?

निशाचर७:
वाळवंटी भागातल्या वटवाघळांच्या नोंदी घ्यायच्या आहेत, दोन-चार नमुने संग्रहालयासाठी ठेवायचे आहेत. परवाना आहे. डबकं जेमतेम ८ मीटर लांब. मिस्ट नेट (बारीक धाग्याचं, अंधारात न दिसणारं जाळं) काठावर लावू की पाण्यावर? आणि उष्म्यात नमुने टिकवायचे कसे?

वाळूचा_किडा:
पाण्यावरच, आडवं. प्यायला येताना ती पृष्ठभागाला लागून उडतात, ऐनवेळी वळायला जागा नसते. ३८ मिमी छिद्राचं, ९ मीटरचं जाळं घ्या. खालचा दोर इतका वर हवा, की वजनाने झोळ (जाळ्याचा सैल खिसा, ज्यात वटवाघूळ अडकतं) लोंबला तरी पाण्याला टेकू नये. जाळं मध्यभागी खचतं, म्हणून अंतर तिथेच मोजा. नाहीतर अडकलेलं जनावर बुडून मरतं. वाळूत खुंट्या धरत नाहीत, ताणदोर वाळूने भरलेल्या पोत्यांना बांधून पोती पुरा. पक्ष्यांची ये-जा थांबल्यावरच जाळं उघडा आणि दर १० मिनिटांनी बघा. वारा सुटला तर गुंडाळून ठेवा, हलणारं जाळं त्यांना लगेच कळतं. दुसऱ्या रात्री त्याच जागी फारसं मिळत नाही, जागा बदला.

सह्यकडा:
वटवाघूळ जाळ्यात ज्या बाजूने शिरलंय त्याच बाजूने काढायचं, आधी पाय मग पंख. कामावर निघण्यापूर्वीच रेबीजची लस पूर्ण झालेली हवी. चावलं तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लस झालेली असली तरी डॉक्टर गाठा. एका कापडी पिशवीत एकच. गाभण किंवा दूध पाजणारी मादी असेल तर तिथेच सोडा. वय बघायला पंख टॉर्चसमोर ताणून धरा: बोटाच्या सांध्यात प्रकाश आरपार जाणारी पट्टी दिसली तर पिल्लू, सांधा गोल आणि भरीव असेल तर प्रौढ.

काठावर गुडघे टेकण्याआधी अतिनील टॉर्च फिरवा. विंचू हिरवट चमकतात.

फॉर्मॅलिनवाला:
आधी परवाना नीट वाचा. पकडून सोडण्याची मुभा म्हणजे नमुना ठेवण्याची मुभा नव्हे.

डीएनएसाठी ऊतीचा तुकडा आधी ९५ टक्के इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये) टाका. फॉर्मॅलिन (नमुना कुजू न देणारं रसायन) लागलं की डीएनए जवळपास वाया जातो. मग पोटाला छोटा छेद देऊन (नाहीतर आतडी आतून कुजतात आणि केस सुटतात) नमुना १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. तोंडात कापसाचा बोळा घाला, दात दिसले पाहिजेत. जबडा एकदा ताठला की उघडत नाही. नंतर धुऊन कायमचा ७० टक्के इथेनॉलमध्ये.

चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि ठिकाण-तारखेशिवाय नमुन्याला कवडीची किंमत नाही.